जुन्या मोटारीची ठिणगी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हा पेट्रोलवर पळणारी मोटार बाजारात यावयाची होती. पुढे गावोगाव अशा व्याख्यानमाला निघाल्या आणि त्यांत संतवाङ्‌मयापासून अर्थसंकल्पापर्यंत बहुतेक सर्व विषय होऊन गेले. तरीही ‘जुन्या मोटारीचे पॉइंट, प्लग आणि कंडेन्सर घरी कसे बदलावे’ हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. कामगार संघटनेचा मनुष्य बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. पण त्या विषयांवर आम्ही वर्षाचे अकरा महिने बोलतो, आणि आजचा विषय त्यांच्यापासून वाटतो तितका दूर नाही, हे तासाभरात आपल्या ध्यानात येईल.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजमध्ये गाडीखाली आडवे पडून आणि संध्याकाळी नगरवाचनालयात सरळ बसून झाले. इंग्रजी शब्दकोश उजव्या हाताला आणि इंजिनाचे पुस्तक डाव्या हाताला, असा तो अभ्यास. तेव्हा आम्ही इंजिनियर नाही. जे सांगू ते हाताने केलेले आणि पुस्तकाशी ताडून पाहिलेले आहे, एवढीच आमची पदवी.

मोटार कोणती? आपल्या गावात अजूनही काही वाड्यांच्या दारांत ताडपत्रीखाली झाकलेली पद्मिनी दिसते, क्वचित अँबेसेडर दिसते. पद्मिनी म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची गाडी. १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली, पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, आणि २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आम्हाला हळहळ वाटली ती पत्र्याची नव्हे. ती गाडी चालविणाऱ्या कितीतरी माणसांना तिच्या पोटात काय चालते ते ठाऊक होते. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, खिशातल्या पेचकसाने, उतारूंची गैरसोय न करता दहा मिनिटांत गाडी चालू करणारा टॅक्सीवाला हा एका ज्ञानाचा मालक होता. गाडी भाड्याची असली तरी ते ज्ञान त्याचे स्वतःचे होते.

आता ते ज्ञान काय, ते पाहू.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ठीक वेळी ठिणगी पडून ते पेटते, हे आपणांस माहीत आहे. प्रश्न ठिणगीचा आहे. बॅटरी १२ व्होल्टची. बारा व्होल्टांनी प्लगच्या टोकांमधली फट ओलांडून वीज उडी मारणार नाही; त्यासाठी दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. ते आणायचे कोठून? नळाचे पाणी जोरात धावत असताना तोटी एकाएकी बंद केली तर नळी दणका देते, हा अनुभव आपल्या घरचाच आहे. कॉइलमध्ये तेच होते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतून प्रवाह चालू असतो. तो एकाएकी तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्टांचा दणका उठतो. यामागील विजेचा नियम फॅरेडेने १८३१ साली दाखविला. प्रवाह तोडण्याचे काम ज्या दोन छोट्या धातूच्या टिकल्या करतात, त्यांना पॉइंट म्हणतात.

ही रचना मोटारीत आणली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग याने. तो दिवसा गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करी, आणि नोकरी सुटल्यावर एका सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात चारदोन मित्रांना घेऊन हे काम करीत बसे. त्यातून १९०९ साली डेल्को नावाची कंपनी निघाली. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात, ते नाव तेथून आले. पुढे ती कंपनी जनरल मोटर्सच्या पोटात गेली. त्याच जनरल मोटर्सच्या कामगारांनी फ्लिंट गावी १९३६ च्या डिसेंबरात कारखान्यातच ठाण मांडून चव्वेचाळीस दिवस संप केला आणि संघटनेला मान्यता मिळविली. पण तो विषय चिटणिसांनी पुढल्या वर्षी द्यावा.

येथे टेबलावर आम्ही एक जुना डेल्को आणून ठेवला आहे. वरची काळी टोपी म्हणजे कॅप. तिच्यात मध्ये एक आणि कडेने चार तोंडे. मधल्या तोंडाने कॉइलचा दणका आत येतो, रोटर नावाचा फिरता हात तो कडेच्या चार तोंडांना पाळीपाळीने वाटतो, आणि तेथून तो चार वायरींनी चार प्लगांकडे जातो. वाटणीचा क्रम १, ३, ४, २ असा. रोटरच्या खाली चौकोनी दांडा दिसतो तो कॅम. त्याचे चार कोपरे पॉइंटला एका फेऱ्यात चार वेळा उघडतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या होतात, म्हणजे सेकंदाला शंभर. त्या चालीने ताशी साठ किलोमीटर वेगात एका किलोमीटरला सहा हजार, आणि दहा हजार किलोमीटरला सहा कोटी. नखाएवढ्या त्या टिकल्या सहा कोटी वेळा उघडतात आणि मिटतात. त्या झिजतात याचे नवल नव्हे. इतके दिवस टिकतात याचे नवल!

राहिला कंडेन्सर. पॉइंट उघडताना तुटणारा प्रवाह मुकाट्याने तुटत नाही. तो त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. तसे झाले तर पॉइंट जळतात, आणि तोड एकदम न होता रेंगाळत झाल्यामुळे प्लगची ठिणगी पिवळी, मरतुकडी पडते. कंडेन्सर त्या क्षणापुरता प्रवाहाला आपल्याकडे ओसरी देतो, आणि तोड स्वच्छ होते. करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा डबा आणि एक वायर. पण तो बिघडला तर गाडी थंडीत चालू होते आणि तापल्यावर भर बाजारात मरते, असा लहरी आजार जडतो.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा की, गाडी ‘मिस मारते’ म्हणून पाचही भाग विकत आणून एका बैठकीत बदलू नयेत. पाच बदलले आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही; पाच बदलले आणि गाडी बिघडली, तर मग विचारूच नका. एक बदलावा, गाडी चालवून पाहावी, मग दुसरा. जुना भाग चालू स्थितीत असेल तर तो कागदात गुंडाळून डिकीत ठेवावा. हल्ली या गाड्यांसाठी मिळणाऱ्या नव्या भागांत, विशेषतः कंडेन्सर आणि रोटर यांत, डब्यावर नामांकित नाव आणि आत भलताच माल, असा प्रकार फार आहे. नवा म्हणजे चांगला, ही समजूत दुकानदाराच्या सोयीची आहे.

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गियर काढावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची एक वायर सोडवावी. पेट्रोलने भाग धुण्याची सवय असेल तर ती आज बाजूला ठेवावी. ठिणगीच्या कामाजवळ उघडे पेट्रोल नको. आणि इंजिन चालू असताना कॅपच्या वायरींना हात लावू नये. तो झटका एरवी माणूस मारीत नाही, पण दचकून हात पंख्यात गेला तर बोटे जातात. ज्यांचे हृदय नाजूक आहे त्यांनी तर चालू गाडीपासून दूरच राहावे.

प्लगपासून आरंभ करणे सोयीचे. वायरी एकेक काढाव्यात आणि प्रत्येकीला चिकटपट्टीने नंबर लावावा. आजकाल मोबाइलने फोटो काढून ठेवला तरी चालतो. वैद्य जीभ पाहतो तसा प्लगचा चेहरा पाहावा. फिका तपकिरी रंग असेल तर आतली तब्येत ठीक आहे. काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त येते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलाने चिकट असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि त्यावर प्लग बदलणे हा उपाय नव्हे. फार पांढरा असेल तर मिश्रण पातळ पडते आहे किंवा इंजिन तापते आहे. नवा प्लग बसविताना आधी बोटांनी आटे धरावेत, मग पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडात आटे वाकडे गेले तर दहा मिनिटांचे काम दहा दिवसांवर जाते.

कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि उजेडात धरून पाहावी. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका तोंडाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली, तर ती विजेने पाडलेली पायवाट आहे. कॅप बदलावी, रेघ खरवडून ती जात नाही. पावसाळ्यात सकाळी गाडी उठत नाही याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, कॅपमध्ये ओल धरलेली असते. जुने टॅक्सीवाले सीटखाली एक कोरडे फडके जपून ठेवीत, ते चेहरा पुसण्यासाठी नव्हे!

आता पॉइंट. येथे मात्र आम्ही आपला जास्त वेळ घेणार आहोत, कारण सारे कौशल्य येथे आहे. जुने पॉइंट काढताना कोणती वायर कोठे होती, कागदी किंवा फायबरची चकती कोणत्या स्क्रूखाली होती, हे नीट पाहून ठेवावे. घरी काम करणाऱ्यांची गाडी नंतर चालूच होत नाही, तेव्हा बहुधा ही चकती चुकीच्या जागी गेलेली असते. मग पॉइंट उघडला तरी वीज बॉडीत उतरतच राहते. प्रवाह तुटत नाही आणि ठिणगी होत नाही. जुन्या टिकल्यांकडेही पाहावे. एकीवर टेंगूळ आणि दुसरीत खड्डा पुष्कळ वाढलेला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. नव्या टिकल्यांवर कारखान्याचे तेल असते, ते कोऱ्या कागदाने पुसावे. कॅमला ग्रीसचे बोट लावावे. बोट म्हणजे बोटाचा स्पर्श, लपका नव्हे. जास्त झालेले ग्रीस उडून टिकल्यांवर बसते आणि मग आपणच गाडी आजारी पाडली असे होते.

नंतर फट, मिस्त्री तिला गॅप म्हणतात. चारही प्लग काढलेले असताना, चौथ्या गियरमध्ये घालून गाडी हळूच ढकलली की कॅम फिरतो. पॉइंटची टाच कॅमच्या कोपऱ्यावर अगदी शिखरावर येईल तेथे थांबावे. तेथे टिकल्यांमधली फट मोजायची. या गाड्यांत ती साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर असते; नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला घ्यावा, शेजाऱ्याच्या तोंडचा नव्हे. फिलर गेजची पाती फटीत घालावी. ती अडकता कामा नये आणि लटपटता कामा नये. जाड वहीच्या मिटलेल्या पानांतून पट्टी ओढताना जो हलका विरोध हाताला लागतो, तो लागला पाहिजे. स्क्रू आवळताना फट हलते. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावी. बहुतेक जण येथेच कंटाळतात.

ही फट एवढी महत्त्वाची का? फट मोठी असेल तर पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी वेळेआधी पडते; शिवाय तो मिटलेला थोडाच वेळ राहिल्यामुळे कॉइल पुरती भरत नाही आणि जोराच्या चालीत ठिणगी दुबळी होते. फट लहान असेल तर ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापते, गाडी चढ चढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. टाच झिजत जाते तशी फट आपोआप लहान होत जाते. म्हणजे गाडी एके दिवशी बिघडत नाही. रोज थोडी थोडी उशीर करू लागते, आणि मालकाला वाटते की पेट्रोलच खराब येते आहे. अर्ध्या मिलीमीटरहून लहान अशा त्या जागेत मालकाचे पैसे आणि गावाची हवा या दोहोंचा हिशेब असतो. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते, आणि ते श्वासात जाते चौकात भाजी विकणाऱ्या बाईच्या.

फट बदलली की ठिणगीची वेळ बदलते, म्हणून टायमिंग पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. त्याला महाग यंत्र लागत नाही. बॅटरीची वायर पुन्हा जोडून १२ व्होल्टचा एक छोटा दिवा घ्यावा. त्याची एक वायर कॉइलच्या त्या टोकाला लावावी जेथून पॉइंटकडे वायर जाते, आणि दुसरी बॉडीला. चावी लावावी. पॉइंट मिटलेला असेपर्यंत दिवा विझलेला राहतो. ज्या क्षणी पॉइंट उघडतो त्या क्षणी दिवा लागतो. इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने सावकाश फिरवावे, आणि दिवा लागतो तेव्हा टायमिंगची खूण पुस्तकात सांगितलेल्या जागी आली आहे का ते पाहावे. नसेल तर डेल्कोचा पट्टा सैल करून त्याला किंचित फिरवावे. काम होताच चावी बंद करावी. इंजिन उभे असताना आणि पॉइंट मिटलेला असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापून मरते.

आता आम्हाला एक आक्षेप दिसतो आहे, आणि तो आमच्याच संघटनेतल्या माणसांनी काढला आहे. ते म्हणतात, ‘साहेब, तुम्ही लोकांना हे घरी करायला शिकवता, मग आमच्या पोराबाळांनी काय खावे?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. मिस्त्रीच्या हातचे काम काढून घ्यावे असे कोणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू.

पण आमचा अनुभव सांगतो. एका मोठ्या गॅरेजात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आले. गाडी तापल्यावर बंद पडत होती. त्यांच्या बिलात प्लग, पॉइंट, कॉइल आणि कार्बोरेटरची दुरुस्ती लागली, आणि गाडी तरीही बंद पडत राहिली. तिसऱ्या खेपेला तेथल्या एकोणीस वर्षांच्या हेल्परने गिऱ्हाइकाला सांगितले, ‘काका, फक्त कंडेन्सर आहे.’ कंडेन्सर बदलला, गाडी बरी झाली, आणि त्या पोराला मालकाने दुसऱ्या दिवशी घरी पाठविले. कारण काय, तर गिऱ्हाइकाशी परस्पर बोलला. संघटनेला त्यासाठी दोन महिने खेटे घालावे लागले. तो परत कामावर आला, पण मधल्या दोन महिन्यांचा पगार त्याला मिळाला नाही. त्या बिलात मजुरीची जी रक्कम होती तिच्यातला किती भाग त्याच्या हातात पडत होता, हे त्या गिऱ्हाइकाला कळले असते तर त्यांना लाज वाटली असती. त्यांची चूक एवढीच की, त्यांना काही माहीत नव्हते. अज्ञानी गिऱ्हाईक मालकाला फार आवडते, आणि त्या अज्ञानाचा पैसा मिस्त्रीकडे जात नाही.

उलट, ज्याने एकदा स्वतः फट बसविली आहे, तो मिस्त्रीशी घासाघीस करीत नाही. पाती तीन वेळा घालून पाहण्याला काय लागते ते त्याला समजलेले असते. ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. तो सुटे भाग मागत नाही, तो निदान मागतो, आणि निदानाचे पैसे देतो. आमच्या ओळखीचे जे चांगले मिस्त्री आहेत, ते अशा गिऱ्हाइकाची वाट पाहतात. शिवाय इंजिन उतरविणे, रिंगा घालणे, गियरबॉक्स उघडणे ही कामे घरी होत नाहीत, आणि करूही नयेत.

दुसरा एक प्रश्न तरुण मंडळी विचारतील: आता पॉइंट उरलेच कोठे? खरे आहे. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत; तेथे प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. तो झिजत नाही, त्याला फट नाही, तो ठिणगी अधिक अचूक वेळी पाडतो आणि धूर कमी होतो. ही प्रगती आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. पॉइंटसाठी गळा काढणाऱ्यांत आम्ही नाही. जुन्या गाडीतही पॉइंटच्या जागी असा संच बसविता येतो, आणि रोज गाडी वापरणाराने तो जरूर बसवावा. आमची तक्रार निराळी आहे. ट्रान्झिस्टर बंद डब्यात असतो याला आमची हरकत नाही. त्या डब्याची किल्ली केवळ कंपनीच्या हाती असते याला आहे. दोष कोणता हे सांगणारे यंत्र आणि त्याची माहिती कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला मिळाली नाही, तर त्याचे वीस वर्षांचे कसब एका रात्रीत मोडीत निघते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली सार्वत्रिक मतदानाने ठरविले की, मोटार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. गॅरेज कामगार आणि गाडीमालक हे दोघे मिळून ही मागणी करतील तर ती पुढे सरकेल; एकेकट्याने करावयाची ती नाही. येत्या महिन्यात आमच्या संघटनेचे एक निवेदन तयार होत आहे. त्यावर कामगारांच्या सह्या आहेतच, गाडीमालकांच्याही हव्या आहेत. कागद दाराशी ठेवला आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा बोलणे येथे थांबवू. हा डेल्को आणि दोन फिलर गेज टेबलावर आहेत, दिवाही आहे. ज्यांना हाताने फट बसवून पाहावयाची आहे त्यांनी रांगेने पुढे यावे. भगिनींची रांग वेगळी करण्याचे कारण नाही. पाती हळू घाला, आणि स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा.